पाणी लावलं तरी चेहरा चुरचुरतोय? बिघडलेलं स्किन बॅरिअर सावरायचं कसं

जानेवारीतली सकाळ होती. बेसिनपाशी उभी राहून तोंडावर नळाचं साधं पाणी मारलं आणि नाकपुड्यांच्या कडेला मिरचीचा हात लागावा तसं झणझणलं. साबण नाही, फेसवॉश नाही, नुसतं पाणी. आरशात पाहिलं तर गाल लालसर आणि चकचकीत, जणू तेल लावलंय. हात फिरवला तर कोरडेठाक. हसताना ओठांच्या बाजूची कातडी ओढली जात होती.

तेव्हा मी सकाळी व्हिटॅमिन सीचं सिरम, रात्री आलटून पालटून ग्लायकॉलिक अॅसिड (मेलेल्या पेशी सोलून काढणारं) आणि रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचं एक रूप), आणि रविवारी वर स्क्रब असा थाट मांडला होता. लावल्यावर चुरचुरलं की मनातून बरंच वाटायचं. लहानपणी गुडघा फुटला की आई टिंक्चर लावायची आणि मी ओरडले की म्हणायची, "झोंबतंय म्हणजे लागू पडतंय." हे वाक्य माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की चेहऱ्याची आग होत असतानाही मी खूशच होते.

चेहऱ्याच्या बाबतीत ते वाक्य साफ चुकीचं आहे, आणि या लेखातली बहुतेक कामं त्यातूनच निघतात. स्किन बॅरिअर, म्हणजे त्वचेचा राखण करणारा सगळ्यात वरचा थर, दुरुस्त करणं म्हणजे मुख्यतः झोंबणारं सगळं बाजूला काढणं आणि कातडीला तिचं काम करू देणं. लावायच्या वस्तू दोन-तीनच आहेत. बाजूला काढायच्या मात्र बऱ्याच निघतात, आणि त्यातल्या निम्म्या आपण स्वच्छतेच्या नावाखाली वापरत असतो.

आधी खात्री करून घ्या

बॅरिअर बिघडल्याची सगळ्यात सोपी खूण म्हणजे काल-परवापर्यंत चालणारी गोष्ट आज झोंबायला लागणं. नेहमीचं क्रीम, घाम, डोळ्यातून ओघळलेलं पाणीसुद्धा. धुतल्यावर पाच-दहा मिनिटांत त्वचा ताणल्यासारखी होते. बारीक कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात, पावडर किंवा फाउंडेशन त्यांवर ठिपक्यांसारखं बसतं. कपाळावर, गालांवर खडबडीत बारीक पुरळ येतं. आपण त्याला मुरमं समजतो आणि आणखी कडक फेसवॉश आणतो. पायांच्या नळीवर पांढरट रेघा आणि भेगाळल्यासारखी नक्षी दिसणं, हाही त्याचाच प्रकार.

पण प्रत्येक कोरडा डाग बॅरिअरचा नसतो. कडेने लाल, मधे मोकळा होत जाणारा, गोल आणि खाजणारा चट्टा म्हणजे बहुधा नायटा. त्यावर मॉइश्चरायझर चोपडत बसलात तर फक्त दिवस वाया जातील. रात्री अंथरुणात खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत बारीक पुटकुळ्या आहेत आणि घरात दुसऱ्या कुणालाही खाज आहे, तर खरजेची शंका घ्या. भुवयांत आणि नाकाच्या घडीत पिवळसर, तेलकट कोंडा धरत असेल तर तोही वेगळा आजार आहे. त्याच्या मागे मॅलासेझिया नावाची यीस्ट असते आणि तेल लावल्याने ती उलट पोसली जाते.

वरच्या थरात चालतं काय

त्वचेच्या सगळ्यात वरच्या थराची जाडी चेहऱ्यावर आणि अंगावर साधारण १० ते २० मायक्रॉन. वहीच्या कागदाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकी. त्यात चपट्या, मेलेल्या पेशींचे पंधरा-वीस थर एकावर एक रचलेले असतात. दगडी भिंतीच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या सांधी, जशा चुन्याने भरतात, तशा या पेशींमधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या असतात. त्या मसाल्यात वजनाने जवळजवळ निम्मा भाग सिरॅमाइड, पाव भाग कोलेस्टेरॉल आणि उरलेल्यात मुख्यतः मुक्त मेदाम्लं. हो, तेच कोलेस्टेरॉल ज्याच्या नावाने आपण तूप कमी करतो. त्वचा ते स्वतः तयार करते.

दर्जा फुटल्या की दोन गोष्टी होतात. आतलं पाणी हवेत उडून जातं, आणि बाहेरचं साबण, घाम, धूळ, अॅसिड हे जिथे पोचायला नको तिथे पोचतं. म्हणून चुरचुरतं.

शिवाय या थराचा स्वभाव आंबट असतो, पीएच (आंबटपणाचं माप, सातच्या जितकं खाली तितकं आंबट) साधारण ४.५ ते ५.५. सिरॅमाइड तयार करणारी एन्झाइमं या आंबटपणातच नीट चालतात. दहावीतल्या भाचीकडे विज्ञानाच्या प्रयोगासाठी आणलेल्या पीएच पट्ट्या होत्या. एका दुपारी आम्ही दोघींनी न्हाणीघरातलं एकेक सामान तपासायला घेतलं. आंघोळीच्या साबणाच्या ओल्या वडीवर पट्टी ठेवली तर निळी झाली, नऊ ते दहाच्या मधे. खायचा सोडा हिरवा-निळा, आठच्या पुढे. लिंबू लालभडक, दोनच्या आसपास. आणि मी 'फारच पाणचट' म्हणून कोपऱ्यात टाकलेल्या, फेस न होणाऱ्या क्लेन्झरवर पट्टी पिवळसर नारिंगी राहिली. पाच-साडेपाच. भाची म्हणाली, "मावशी, तू महागाचं टाकून स्वस्तातलं वापरत होतीस." खरं तर दोन्हींच्या किमतीत वीस रुपयांचाही फरक नव्हता.

पायरी १: सगळं थांबवा

किमान चार आठवडे. रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, ग्लायकॉलिक, सॅलिसिलिक, लॅक्टिक, बेंझॉइल पेरॉक्साइड, आंबट व्हिटॅमिन सी, टोनर, स्क्रब, पील-ऑफ मास्क, फेशियल, ब्लीच, थ्रेडिंगनंतर चोळायचं सुगंधी जेल, सगळं बंद. यातलं एखादं औषध म्हणून डॉक्टरांनी दिलं असेल तर परस्पर बंद न करता त्यांना फोन करा. बहुतेकदा ते स्वतःच काही दिवस थांबायला सांगतात.

'नैसर्गिक' गोष्टींना यातून सूट नाही. लिंबू तर मुळीच नाही. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की रसातली रसायनं आणि ऊन मिळून त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते आणि मागे महिनोन्महिने जाणारे काळे डाग उरतात. टोमॅटो, बटाटा, दालचिनी, टूथपेस्ट, बेकिंग सोडा हे स्वयंपाकघरात आणि बेसिनवरच राहू द्या. बेसनाचं पीठ बिघडलेल्या त्वचेवर चोळलं की बारीक वाळूसारखंच लागतं.

अंगासाठी नायलॉनची घासणी आणि वजरीही ठेवून द्या. पाठीवर, दंडावर, खांद्याच्या हाडाशी वर्षानुवर्षं घासून करडा-तपकिरी, लाटालाटांचा काळेपणा आलेले कितीतरी लोक आपल्या घरात असतात. तो मळ समजून ते आणखी घासतात. तो मळ नसतोच, घर्षणाने आलेला रंग असतो. घासणं थांबवलं की तो हळूहळू फिका होऊ शकतो.

बाळंतिणीच्या घरात एक गोष्ट आवर्जून सांगा: बाळाच्या अंगावरची लव कणकेच्या गोळ्याने किंवा डाळीच्या पिठाने घासून काढायची गरज नसते. ती आपोआप जाते. मालिश जरूर करा, खरवडणं नको.

आता यादीतली सगळ्यात गंभीर वस्तू. औषधाच्या दुकानातून 'वांगाचं क्रीम', 'खाजेचं क्रीम', 'गोरं करणारं क्रीम' म्हणून आणलेली छोटी ट्यूब. ती उलटी करा आणि बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन, यातलं एकही नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो, गुळगुळीत होतो आणि शेजारीण विचारते, काय लावतेस? काही महिन्यांत कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, मुरमं उसळतात, हनुवटीवर लव वाढते, आणि क्रीम एक दिवस चुकलं तर चेहरा पेटल्यासारखा लाल होतो. हा प्रकार आपल्याकडे इतका वाढला की त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याविरुद्ध मोहीम काढली, आणि २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक क्रीमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला. दुकानात 'ती पिवळी ट्यूब द्या' म्हटलं की ती अजूनही मिळते, हा भाग वेगळा.

स्टिरॉइड महिनोन्महिने लावत असाल तर हा लेख वाचून उद्या सकाळी एकदम बंद करू नका. आधी त्वचारोगतज्ज्ञाला गाठा. ते टप्प्याटप्प्याने उतरवावं लागतं. स्टिरॉइड हे डॉक्टरांच्या हातात उपयोगाचं औषध आहे, एक्झिमासाठी, म्हणजे इसबासाठी, ते अनेकदा द्यावं लागतं. घोळ होतो तो ते सौंदर्यप्रसाधन समजून वापरल्याने.

आणि ज्या डबीवर घटकांची यादीच नाही, कंपनीचा पत्ता नाही, पार्लरमधून किंवा ओळखीतून मिळाली आहे, ती फेकून द्या. अशा गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा निघाल्याची आणि त्यातून मूत्रपिंडं बिघडल्याची उदाहरणं केरळमध्ये २०२३ साली मलप्पुरम जिल्ह्यात समोर आली आहेत.

पायरी २: धुण्याची पद्धत बदला

चेहरा सकाळी फक्त पाण्याने धुवा. रात्री एकदा सौम्य क्लेन्झर, दिवसभर बाहेर असाल आणि सनस्क्रीन लावलं असेल तरच. वीस-तीस सेकंद बोटांनी फिरवायचं आणि धुवायचं. धुतल्यावर कातडी करकरीत वाजली पाहिजे हा हट्ट सोडा. करकर ताटाला ठीक आहे.

क्लेन्झर घेताना 'साबणविरहित' किंवा 'सिंडेट' (साबणाऐवजी कृत्रिम फेसकांनी बनवलेलं) हे शब्द शोधा. घटकांमध्ये सोडियम कोकॉइल आयसेथियोनेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन, ग्लिसरीन अशी नावं वर दिसली तर बरं. सोडियम लॉरिल सल्फेट वर असेल तर आत्ता नको.

साबणावरच्या टीएफएमबद्दल खूप गैरसमज आहे. टीएफएम म्हणजे एकूण मेदद्रव्य. भारतीय मानकानुसार पहिल्या श्रेणीच्या टॉयलेट सोपमध्ये ते किमान ७६ टक्के, दुसऱ्यात ७०, तिसऱ्यात ६०. ज्या वडीवर 'बेदिंग बार' लिहिलेलं असतं तिला ४० टक्केही पुरतात. जास्त टीएफएमचा साबण कमी रखरखीत असतो हे खरं, पण साबण तो साबणच. पहिल्या श्रेणीचाही पीएच नऊ-दहाच भरतो. त्यामुळे अंगाला साबण लावायचाच असेल तर काखा, जांघा आणि पाय एवढ्यांनाच लावा. हात, पाठ, नळ्या यांवरून ओघळणारं पाणी पुरेसं असतं. आठवडाभर करून पाहा, वास येत नाही.

आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशकाचं झाकण ओतायची सवय असेल तर तीही बंद करा. रोज करण्यासारखी ती गोष्ट नाही.

पाणी कोमट हवं. बरोबर मोजायचं नसेल तर कोपर बुडवून पाहा, बाळाला आंघोळ घालताना पाहतो तसं. कोपराला 'गरम' वाटलं तर त्वचेला जास्त आहे. गीझर आल्यापासून आपण सगळेच उकळत्याच्या जवळ जाऊन आलो आहोत. थंडीत ते फार सुखाचं वाटतं आणि दर्जांमधला मसाला नेमका तेव्हाच जास्त धुऊन जातो. आंघोळ पाच-दहा मिनिटांत उरका.

बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचा त्रास मराठवाड्यात, सोलापूरकडे आणि आता पुण्याच्या नव्या सोसायट्यांतही आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून पांढरा साका धरतं. बादलीच्या कडेला दिसतो तोच साका अंगावरही बसतो आणि नीट निघत नाही. यावर महागडा शॉवर फिल्टर घेण्याआधी साबण बदला, कारण सिंडेट जड पाण्यात तसा साका धरत नाही. चेहऱ्यापुरतं हवं तर शेवटचे दोन तांबे पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याचे घ्या.

टॉवेलने पुसताना टिपून घ्या. रगडू नका.

पायरी ३: दर्जा भरा

टॉवेल ठेवल्यापासून तीन मिनिटांच्या आत, कातडी अजून ओलसर असताना क्रीम लावायचं. एवढ्यासाठी डबी न्हाणीघराबाहेरच्या फळीवर ठेवा. कपाटात ठेवलीत तर विसराल, मी रोज विसरायचे.

चांगल्या क्रीममध्ये तीन जातीचे घटक असतात. पाणी धरून ठेवणारे: ग्लिसरीन, हायलुरॉनिक अॅसिड, युरिया. फटी गुळगुळीत करणारे: सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्लं, शिया बटर, स्क्वालेन. आणि वरून झाकण घालणारे: पेट्रोलियम जेली, डायमेथिकोन, लॅनोलिन. डबीवर मोठ्या अक्षरात एकाच घटकाचं नाव असलं तरी यादी वाचा. घटक साधारणपणे जास्त प्रमाणापासून कमीकडे लिहिलेले असतात. सिरॅमाइडचं नाव सुगंधाच्याही खाली असेल तर ते बहुधा नावापुरतंच आहे. सुगंधच नसेल तर उत्तम.

युरिया टाचांना आणि नळ्यांना छान, पण फुटलेल्या, लाल त्वचेवर झोंबतो, म्हणून आत्ता चेहऱ्याला नको. नायसिनामाइड त्वचेला स्वतःचं सिरॅमाइड बनवायला मदत करतं, ४-५ टक्के पुरेसं असतं. दहा टक्क्यांच्या बाटल्या काहींना लाली आणतात. आग थांबल्यावर ते आणा, आधी नाही.

बजेट नसेल तर काय? साधं ग्लिसरीनयुक्त, बिनवासाचं लोशन आणि त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. पेट्रोलियम जेलीचं पेटंट १८७२ सालचं आहे आणि पाणी उडू न देण्याच्या बाबतीत तिच्या पुढे जाणारं अजून फारसं काही आलेलं नाही. रात्री ज्वारीच्या दाण्याएवढी जेली दोन बोटांमध्ये चोळून पातळ करायची आणि नाकाच्या कडा, ओठांचे कोपरे, पापण्यांच्या बाहेरचा भाग, जिथे पापुद्रे आहेत तिथेच थोपटायची. संपूर्ण तोंडाला लपेटून उकाड्यात झोपलात तर घामोळं आणि पुटकुळ्या येतील.

खोबरेल तेलाचं काय, हे कोकणातल्या कुठल्याही वाचकाने एव्हाना विचारलं असेल. अंगासाठी उत्तम. कोरड्या, एक्झिमा असलेल्या त्वचेवर शुद्ध खोबरेलाचा फायदा अभ्यासांतही दिसला आहे. पण चेहऱ्यावर, विशेषतः मुरमं येणाऱ्यांच्या, ते छिद्रं बुजवतं. ऑलिव्ह तेल मात्र अंगालाही नको. त्याने बॅरिअर आणखी सैल होतं असं दिसून आलंय, आणि सूर्यफुलाचं तेल त्यापेक्षा कितीतरी बरं ठरलंय. म्हणजे महागाची आयात बाटली शेल्फवर राहू द्या.

दिवाळीतल्या अभ्यंगाचा क्रम पाहिलात? आधी तेल, ते मुरू द्यायचं, मग उटणं. ऐन कोरड्या हवेच्या तोंडावर तेल आधी, घासणं नंतर आणि वर्षातून मोजक्याच वेळा. साबणाच्या आधी नळ्यांना थोडं तेल चोळायची सवय मी तिथूनच उचलली.

किती लावायचं? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. चेहरा आणि मान मिळून अशा अडीच रेघा. बहुतेक जण एका मटाराच्या दाण्यात सगळं आटोपतात.

पायरी ४: ऊन

आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगात लाली दिसते कमी, पण मागे काळा डाग उरतो जास्त. म्हणून दुरुस्तीच्या काळात सनस्क्रीन टाळून चालत नाही. झोंबत असेल तर झिंक ऑक्साइडचं घ्या. चेहरा थोडा पांढुरका दिसेल, चार आठवडे दिसू द्या. दोन बोटांवर पूर्ण लांबीची एकेक रेघ, एवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. तेही सोसत नसेल तर सरळ छत्री, टोपी. दुचाकीवर ओढणी बांधणाऱ्या मुलींनी ती सुती, मऊ आणि रोज धुतलेली घ्यावी. ती धुताना पावडरचा अंश उरला तर गालांवर तोच दिवसभर घासत राहतो, म्हणून एकदा जास्त खळबळा.

किती दिवस लागतील

एखादं पील जास्त झालं, एका दिवसाची चूक असेल तर तरुण त्वचा तीन दिवस ते आठवड्यात सावरते. महिनोन्महिन्यांचा मार असेल तर चार ते आठ आठवडे धरा. वरचा थर बदलायलाच साधारण महिना लागतो आणि पन्नाशीपुढे त्याहून जास्त. स्टिरॉइडचा मार असेल तर हिशेब महिन्यांत, कधी वर्षातही जातो.

माझं असं झालं: पाचव्या दिवशी पाणी झोंबायचं थांबलं. दहाव्या दिवशी चेहरा इतका निस्तेज आणि पापुद्र्यांचा दिसत होता की एका लग्नाच्या आदल्या रात्री स्क्रबची ट्यूब हातात घेतली होती. घेऊ नका. पापुद्रे खालून सुटत असतात, वरून उपटले की कच्ची कातडी उघडी पडते. तिसऱ्या आठवड्यात नाकाच्या कडा शांत झाल्या. सहाव्यात चकचकाट गेला आणि साधा, मंद तुकतुकीतपणा आला.

पुन्हा सुरू करताना

एका वेळी एकच वस्तू. आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, सलग सात दिवस लावा. काही झालं नाही तर चेहऱ्यावर आठवड्यातून दोन रात्री. रेटिनॉल असेल तर आधी क्रीम, मग रेटिनॉल, मग पुन्हा क्रीम. पंधरा दिवस सुखरूप गेले तरच दुसरी वस्तू. अॅसिड आणि रेटिनॉल एकाच रात्री कधीच नको. मी अॅसिड परत आणलंच नाही, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

ऋतूप्रमाणे बदल लागतोच. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पुणे, नाशिक, विदर्भात जाड क्रीम. मुंबई-गोव्यात लोशन भागतं. मे महिन्यात एसीत बसणाऱ्यांचं अंग थंडीइतकंच सुकतं, ते घामामुळे कळत नाही. पावसाळ्यात क्रीम हलकं करा, आणि ओले कपडे अंगावर वाळवू नका, नायट्याचे दिवस तेच.

पुरुषांसाठी दोन ओळी: दाढी आंघोळीनंतर, केसांच्या दिशेने, आणि वर तुरटी-कोलन न चोळता साधं क्रीम. आणि टिकली लावणाऱ्यांसाठी: तिच्याखाली खाज किंवा पांढुरकेपणा दिसला तर ती लगेच बंद. काही टिकल्यांच्या गोंदातलं रसायन तिथला रंगच घालवतं.

डॉक्टरकडे कधी

पाणी सुटतंय, पिवळी खपली धरतेय, सूज किंवा ताप आहे, डोळ्यांच्या पापण्या सुजल्या आहेत, तर त्याच दिवशी. चार आठवडे सगळं नीट करूनही फरक नाही, खाजेने झोप मोडते, किंवा घरात दमा-एक्झिमाचा इतिहास आहे, तरीही जा. काही घरांत फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाचं जनुकच कमजोर असतं. २००६ साली त्याचा एक्झिमाशी संबंध दाखवला गेला. अशांची त्वचा मुळातच सैल बांधणीची असते, आणि त्यांना क्रीम जन्मभर लागतं.

आईचे हात

चेहऱ्याचं निस्तरल्यावर लक्ष गेलं ते आईच्या हातांकडे. उजव्या अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक फुटून आत लाल रेघ दिसत होती. ती त्याच बोटांनी रोज लसूण सोलते, भांड्याच्या वडीवर घासणी फिरवते, आणि भाकरीचं पीठ मळते. रात्री ती भेगांत हळद-तूप भरून बसायची आणि सकाळी पुन्हा वडीचं पाणी. दिवसभरात किती वेळा हात ओले होतात ते एकदा मोजलं, दुपारी दोनपर्यंत एकतीस.

तिच्यासाठी केलं ते एवढंच. भांड्यांसाठी रबरी हातमोजे, आत पातळ सुती हातमोजे, कारण नुसत्या रबरात घाम येऊन कातडी आणखी भिजते. सुतीचे तीन जोड, दोरीवर वाळत. लसूण सोलताना बोटांवर प्लास्टिकची टोपणं, नाहीतर पाकळ्या आधी ताटलीत ठेचून सालं काढायची. हात धुतल्यावर अंगठी काढून तिच्याखालचं पुसायचं, तिथे साबण साठतो. सिंकपाशी, नळाच्याच उंचीवर, पंपाची क्रीमची बाटली. आणि झोपताना भेगांवर पेट्रोलियम जेलीचा जाड थर, वर सुती हातमोजे.

पहिल्या रात्री मी तिच्या अंगठ्याला जेली लावत होते. ती डोळे मिटून, हात आखडून बसली होती, झोंबेल म्हणून. काहीच झालं नाही. तिने एक डोळा उघडून अंगठ्याकडे पाहिलं आणि संशयाने विचारलं, "झोंबत नाहीये गं. मग हे लागू पडणार कसं?"